मंजे, हॅमरहेड दिसला!

मंजे, तुझं खरं होतं. हॅमरहेड शार्क आहे. पाण्याखालच्या त्याच भिंतीवर, जवळजवळ त्याच जागी, आणि मी तो आज सकाळी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिला. हातोड्यासारखं आडवं डोकं, त्याच्या दोन टोकांना दोन डोळे, आणि चाल अशी, की अख्खा समुद्र याच्या बापजाद्यांनी याच्या नावावर करून दिलाय. दिसला गं! सकाळपासून ज्याला त्याला सांगत सुटले आहे. पण ज्या बाईला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ती बाईच नाही. म्हणून लिहायला बसले. आता मध्ये बोलू नकोस. आयुष्यात पहिल्यांदाच तुला मध्ये बोलता येणार नाहीये, तर मला जरा सलग सांगू दे.

आमची बोट कॅरिबियनमधल्या केमन बेटाच्या बंदराला लागली आहे. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, अंगात मुरलेला नायट्रोजन आधी निघून जाऊ द्यायचा असतो. त्यामुळे आम्ही सगळे वरच्या डेकवर, उन्हात ठेवलेल्या कैरीच्या फोडींसारखे पडलो आहोत. दुपारची वेळ. समोर क्रूझवाल्यांची गर्दी. तू असतीस तर एव्हाना "पोट्टे हो, यांनी खरा समुद्र पाह्यलाच नाही" म्हणून त्यांची कीव केली असतीस.

तू गेलीस तेव्हा इलिनॉयमध्ये, शॉमबर्गला तुझ्या ड्राइव्हवेवर बर्फ होता. मी निघाले तेव्हा तिथलं गवत पहिल्यांदा कापायला आलं होतं. मधल्या काळात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लोक तुझ्याबद्दल बरंच चांगलंचुंगलं बोलले. मी काहीच बोलले नाही. तुझी लेक ईशा मला कोपराने ढोसत होती, "मावशी, से समथिंग." काय सांगणार होते मी? की ही बाई पाण्याखाली श्वासाच्या नळीतून नागपुरी शिव्या द्यायची आणि त्या मला बुडबुड्यांवरून कळायच्या? तिथे बसलेल्यांना ते शोभलं नसतं. मग मी बटाटेवड्याची प्लेट घेऊन कोपऱ्यात उभी राहिले आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडत राहिले.

कारण आपलं भांडण मिटलंच नव्हतं ना! तेच तर सांगायचंय.

पण ते सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील नीली नेहमी शेपटाकडून सुरू करते. पन्नाशीच्या वाढदिवसाला माणसं काशीला जातात, गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात. तू पुरणपोळीचं ताट बाजूला सारून जाहीर केलंस, "मी स्कूबा शिकतेय, आणि नीलूपण." मी तूप वाढत होते. मला विचारलं कुणी? माझा नवरा अविनाश, जो बाथटबमध्येसुद्धा काठ धरून बसतो, तो मोठ्याने हसला. त्याच्या हसण्याचा मला राग आला आणि त्या रागात मी हो म्हटलं. तुला ते बरोबर ठाऊक होतं.

मग ती इलिनॉयमधली पाणी भरलेली दगडाची खाण! जून महिन्यातही खाली हाडं गोठवणारा गारठा, आणि हिरव्या गढूळ पाण्यात शिकाऊ लोकांसाठी मुद्दाम बुडवून ठेवलेली एक पिवळी स्कूलबस. लोक कॅरिबियनचे पोवळ्यांचे बगीचे बघून डायव्हिंगच्या प्रेमात पडतात. आपण पडलो ती गंजकी बस बघून. तू खिडकीतून आत शिरलीस, ड्रायव्हरच्या जागी बसलीस आणि स्टिअरिंगच्या मधोमध हात मारून हॉर्न वाजवायला लागलीस. मला हसू आलं, मास्कमध्ये पाणी शिरलं, शिक्षकाला वाटलं मी बुडतेय. वर आल्यावर तो आपल्यावर जाम चिडला. तू त्याला गंभीरपणे विचारलंस, "सर, नेक्स्ट स्टॉप कुठला?"

आणि मग आपली पहिली बोट. आठवडाभर बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं, बोटीवरच झोपायचं, आणि उजाडल्यापासून पाण्यात उड्या मारायच्या. त्याला लिव्हअबोर्ड म्हणतात हे मी सगळ्या नातेवाइकांना समजावून सांगत होते. तू एका वाक्यात संपवलंस: "घंटा वाजली की खायचं, घंटा वाजली की उडी मारायची. हॉस्टेलच आहे हे. फक्त मेसमध्ये अळ्या नाहीत." केबिन आपल्या हॉस्टेलच्या खोलीच्या निम्मी. वरचा बंक कुणी घ्यायचा यावरून आपण दोघी पन्नाशीच्या बाया अशा भांडलो, की शेजारच्या केबिनमधल्या जर्मन जोडप्याने भिंतीवर थाप मारली. आणि तुझी ती लसणाची चटणी! दुसऱ्या दिवशी ऑम्लेटवर भुरभुरलीस, तिसऱ्या दिवशी बोटीवरचा कुक बरणी मागायला आला, आणि परतताना त्या बोटीचे पडदेसुद्धा लसणाचे वास मारत होते.

हॉस्टेलचाच कारभार म्हटल्यावर तुझ्या अंगातलं कॉलेज जागं झालं, त्यात तुझा तरी काय दोष? मेकॅनिकलच्या वर्गात आपण इनमिन चार मुली. त्यात माझा आवाज असा, की मी पहिल्या बाकावर बसून "प्रेझेंट सर" म्हटलं तरी सर गैरहजेरी लावायचे. मग तू ते काम अंगावर घेतलंस. मी वर्गात नसले तर प्रॉक्सी द्यायचीसच, पण मी तुझ्या शेजारी जिवंत बसलेली असतानाही माझी हजेरी तूच द्यायचीस, माझा म्हणून ठरवलेल्या एका बारीक, नाकातल्या आवाजात. सरांना चार वर्षं तो माझाच आवाज वाटला. तोंडी परीक्षेत माझा खरा आवाज ऐकून ते दचकले होते. पुढेही तेच. देश सोडून आल्यावर पहिल्या अपार्टमेंटच्या मॅनेजरशी तू बोललीस, हॉटेलात माझी ऑर्डर तू द्यायचीस, "शी विल हॅव द सूप, अँड मेक इट स्पायसी." मला सूप हवं होतं की नाही, हे मलाही पुढ्यात आल्यावर कळायचं. आणि खरं सांगू, बहुतेक वेळा तेच हवं असायचं.

तर बोटीवरचा तो नियम. एका जागचं डायव्हिंग संपलं की बोट दुसऱ्या जागी हलते, आणि हलण्याआधी हजेरी होते. कोरी नावाची मुलगी, डेकवरची सगळी व्यवस्था बघणारी, ती एकेक नाव पुकारते आणि ज्याने त्याने डेकवर तिच्यासमोर येऊन उत्तर द्यायचं. एकाचं जरी उत्तर आलं नाही, तरी इंजिन सुरू होत नाही. त्या तिसऱ्या दिवशी मी शिडीवर चढले आणि माझ्या हातातून एक फिन, पायात घालायचं ते रबरी वल्हं, निसटला. तो घ्यायला मी पुन्हा पाण्यात उतरले. तू मला शिडीवर पाहिलं होतंस, म्हणजे नीली आली, असं धरून तू आत बिस्किटं खायला गेलीस. कोरीने माझं नाव पुकारलं. आणि तू, तोंडात बिस्किटं, आत बसल्या बसल्या, वयाच्या पन्नाशीत, त्याच बारीक नाकातल्या आवाजात ओरडलीस, "हिअर!"

मी बोटीच्या मागे पाण्यात होते, मंजे. इंजिनाच्या पंख्यांपासून हातभर अंतरावर.

कोरी नवी होती. दारातून आलेला आवाज तिने खरा धरला. नशीब, पुढचं नाव घेताना तिची नजर पाण्याकडे गेली आणि तिला माझं डोकं दिसलं. ती किंचाळली. कॅप्टन डेल वरून धडाधड जिने उतरत आला. एरवी तो माणूस पुतळ्यासारखा शांत, पण तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने सगळ्यांना डेकवर उभं केलं आणि तुझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या बोटीवर कुणी कुणाची हजेरी द्यायची नाही. कुणीच नाही. ज्याची त्याने द्यायची." तू मान खाली घालून उभी. मी फिन हातात घेऊन ठिबकत उभी. त्या दिवशी तू संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. इतक्या वर्षांत मी तुला एवढा वेळ गप्प पाहिलं ते तेव्हाच, आणि मग या हिवाळ्यात. झोपताना वरच्या बंकवरून तुझा हात खाली आला, माझा हात चाचपडत. "नीले, तू हायेस ना?" मी म्हटलं, "आहे गं बाई, झोप." आपण त्यावर पुढे कधी बोललो नाही. फक्त त्यानंतर प्रत्येक हजेरीला तू माझ्याकडे टक लावून बघायचीस, मी तोंड उघडेपर्यंत.

आणि मग हॅमरहेड. पुढच्या वर्षीची बोट, तोच कॅप्टन, हीच भिंत. समुद्राचा तळ जिथे अचानक संपतो आणि खाली नुसती निळी खोली सुरू होते, ती भिंत. सगळे लोक भिंतीकडे तोंड करून पोहतात, कारण पोवळी, मासे, झिंगे, सगळी वस्ती तिथे. तू मात्र भिंतीला पाठ करून निळ्याकडे बघत तरंगायचीस. मी वर आल्यावर म्हणायचे, "अगं, तिकडे काय आहे, नुसतं पाणी!" तू म्हणायचीस, "येणारा तिकडूनच येते." त्या दिवशी माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं, मी डोळे मिटून ते बाहेर फुंकत होते. डोळे उघडले तर तू समोर, डोक्याच्या दोन बाजूंना दोन मुठी लावून, म्हणजे हॅमरहेडची खूण करून, पाय झाडत नाचत होतीस. मी वळून पाहिलं. निळं. नुसतं निळं. वर आल्यावर तुझ्या कॅमेऱ्यात पाहिलं, तर तुझा स्वतःचा अंगठा आणि त्याच्या मागे निळं. मी म्हटलं, "तो जिथे तिथे दिसणारा नर्स शार्क असेल." बोटीवर सगळ्यांनीच तसं म्हटलं. तू चवताळलीस. "बाप्पा! मले काय हॅमरहेड समजत नाही? एवढं मोठं टाळकं!"

झालं, ती तुझी थाप म्हणून मी गावभर केली. गणपतीत, कोजागिरीला, ईशाच्या ग्रॅज्युएशनला. "मंजूने बघितलेला शार्क" म्हणजे आपल्या घोळक्यात पुरावा नसलेल्या कुठल्याही गोष्टीचं नाव झालं. अविनाशने पगारवाढीची बातमी सांगितली तरी लोक विचारायचे, "खरी, की मंजूचा शार्क?" तू हसायचीस. पण दर वेळी शेवटी, सगळे पांगल्यावर, मला एकटीला म्हणायचीस, "नीले, मी खरंच पाह्यला."

यंदाची बोट आपण गेल्या वर्षीच बुक केली होती. मग तुझे ते रिपोर्ट आले. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुलाही तो विषय कंटाळवाणा वाटायचा. पण भांडण मात्र लिहिणार. मी म्हटलं, ट्रिप कॅन्सल करते. तू उशीवरून अशी उठलीस, की नर्स धावत आली. "काहून?" मी म्हटलं, "तुझ्याशिवाय मी पाण्यात पाऊल टाकणार नाही." तू म्हणालीस, "म्हणजे मी मेल्यावर तू काय सोवळ्यात बसणार? जा अन् तो शार्क पाहून ये. मग माझी माफी माग." मी म्हटलं, "मी जाणार नाही." तू म्हणालीस, "जाशील." मी म्हटलं, "नाही." तू डोळे मिटून म्हणालीस, "जाशीलच." त्यावर मला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. मला म्हणायचं होतं की मला शार्कची भीती नाही, मला बोटीवरच्या त्या बाकाची भीती वाटते, जिथे तुझी हवेची टाकी असायची आणि आता कुणा भलत्याचीच असेल.

आले नसतेच. पण ईशा आली, तुझा मास्क घेऊन. तो माझ्या डायनिंग टेबलवर ठेवून म्हणाली, "मावशी, जस्ट गो. नाहीतर ती तुला लिटरली हॉन्ट करेल. अँड यू नो हर, शी वोन्ट बी क्वायट अबाउट इट." मी हसले, मग दोघी रडलो, मग मी बॅग भरली. तुझा मास्क मला बसत नाही, सांगून ठेवते. तुझा चेहरा केवढा रुंद होता गं! सगळीकडून पाणी शिरतं. तरी आठवडाभर तोच वापरला. मास्कमध्ये पाणी असलं की एक बरं असतं, ते कुठलं पाणी आहे हे कुणी विचारत नाही. नाकाने जोरात फुंकलं की पुन्हा लख्ख दिसायला लागतं.

पहिल्या दिवशी कॅप्टन डेल सगळ्यांना नियम सांगत होता. शिडी कशी चढायची, टॉवेल कुठले, हजेरी कशी. हजेरीपाशी आला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. त्याला आपण दोघी आठवत होतो. मग कोरीने नावं पुकारायला घेतली. कागद जुनाच होता, ईशाने कळवलेलं त्यावर कुणी उतरवलं नव्हतं. "मॅन... मंजीरी?" माझ्या घशात तुझा तो नाकातला आवाज येऊन बसला होता, शप्पथ सांगते. आयुष्यभर तू माझ्या एवढ्या प्रॉक्सी दिल्यास, तुझी एक तरी मी देऊन टाकावी, असं वाटलं. पण तोंड उघडेना. कॅप्टन पुढे आला, कोरीच्या हातातून कागद घेतला आणि पुढचं नाव स्वतः वाचलं. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ती मोठ्या आवाजाची?" मी मान हलवली. तो म्हणाला, "तिच्यामुळे मी अजून दर हजेरीला आधी पाण्यात बघतो."

माझा नवा जोडीदार कोण, माहितीये? पाण्यात जोडीनेच उतरायचं असतं, त्यामुळे मला एक वॉल्टर मिळाला. मिनेसोटाचा, सत्तरीचा, आणि ऐक, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर! मी त्याला खाणीतल्या बसची गोष्ट सांगितली. तो गंभीर होऊन म्हणाला, "हॉर्न वाजवायच्या आधी सीटबेल्ट लावला होता का तिने?" तुला आवडला असता तो.

पहिल्या उडीआधी त्याने माझे पट्टे तपासले, हवा तपासली, सगळं पुस्तकातल्यासारखं. "रेडी?" मी काठावर उभी. वॉल्टरला काय माहीत, की आपली तपासणी तिथे संपत नाही. तू शेवटी माझ्या मास्कच्या कडेत अडकलेले केस एकेक करून बाहेर ओढायचीस, आई वेणी घालताना ओढते तसे कचाकचा, आणि मग टाळक्यात एक टपली मारून म्हणायचीस, "जा!" त्या टपलीशिवाय मी आजवर एकदाही उडी मारलेली नाही. मी वॉल्टरला सांगितलं, आधी केस. त्याने त्याच्या जाडजूड बोटांनी, जीव मुठीत धरून, केस काढले. मी म्हटलं, "आता माझ्या डोक्यावर मार." तो दोन पावलं मागे सरकला. "मॅडम, मी तुम्हाला मारणार नाही." "मारावंच लागेल." "माझी बायको वरून बघतेय." मागे उडी मारणाऱ्यांची रांग लागलेली. वरच्या डेकवरून त्याची बायको ओरडली, "वॉल्टर, ती म्हणतेय तर मार ना!" मग त्याने बाळाला थोपटावं तशी एक टपली मारली. इतकी केविलवाणी टपली, मंजे! पण मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी पाण्यात होते.

आणि मग काय सांगू तुला! सगळं होतं गं, जिथल्या तिथे. तो जाडा ग्रूपर मासा, खालचा ओठ पुढे काढून आपल्या मागे मागे फिरायचा आणि तू ज्याला एचओडी म्हणायचीस, तो अजून तिथेच आहे, अजून तसाच नाराज. माझ्या मास्कसमोर येऊन थांबला आणि माझ्या डाव्या बाजूला बघत राहिला, जिथे तू असायचीस. मला वाटलं आता विचारतो, "दुसरी कुठाय? सबमिशन राहिलंय तिचं." एक ठिपक्यांचा ईगल रे, म्हणजे मोठं पाकट, आपल्या पंखांनी पाणी सारत अगदी डोक्यावरून गेला. एक कासव वॉल्टरच्या पायाशी गवत खात होतं आणि वॉल्टर बिचारा त्याचं जेवण होईपर्यंत पाय न हलवता तरंगत राहिला. रोज वर आले की शिडीवरच माझं तोंड सुटायचं. आधी तू बडबडायचीस आणि मी ऐकायचे. आता मीच बडबडते, मराठीत, इंग्रजीत, मिळेल त्याच्याशी. वॉल्टरची बायको परवा मला म्हणाली, "तू फार बोलतेस बाई." मला! ऐकलंस का? मला म्हणाली ती!

आता आज सकाळ. शेवटची डाइव्ह, तीच भिंत. वॉल्टर एका कपारीत डोकं घालून झिंगा बघत होता. मी भिंतीला पाठ केली. तू तरंगायचीस तशी, हात छातीशी घेऊन, नुसती निळ्याकडे बघत. खूप वेळ काही नव्हतं. मला वाटलं, ठीक आहे, मी आले, हेच पुष्कळ झालं. आणि खालून तो आला. आधी सावली, मग ते आडवं डोकं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखं. माझ्यासमोरून आरामात गेला. त्याच्या एका टोकाच्या डोळ्याने त्याने मला पाहिलं, आणि मी श्वास घ्यायचा विसरले, जे पाण्याखाली अजिबात करायचं नसतं. भानावर येऊन टाकीवर ठणठण वाजवलं. वॉल्टरने कपारीतून डोकं काढलं. मी दोन मुठी डोक्याला लावून पाय झाडत नाचत होते. त्याने वळून पाहिलं. निळं. नुसतं निळं.

तुला वाटेल मी रचून सांगतेय. वॉल्टरलाही तेच वाटतंय. वर आल्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "नर्स शार्क असेल." मंजे, तुला त्या वेळी काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. घे, मागते माफी. तू खरंच पाहिला होतास. आता आपण दोघी आहोत पाहिलेल्या, आणि आपल्यावर कुणाचाही विश्वास नाही.

शिडीवरून चढले तीच ओरडत. "मंजे, दिसला! दिसला गं, तुझ्यायला!" अंगावरची टाकी न उतरवता डेकभर नाचत होते. कुणी टॉवेल देत होतं, कुणी गरम चॉकलेट देत होतं, मी कुणाचं काही घेत नव्हते. कोरीने हजेरी सुरू केली ते मला ऐकूही आलं नाही. तिने माझं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मी नाचतेच आहे. शेवटी वॉल्टरने, तोंडात बिस्कीट, माझ्या वतीने हात वर केला. "हिअर! शी इज हिअर!"

वरून, सवयीने, कॅप्टन डेलचा आवाज कडाडला. "माझ्या बोटीवर कुणी कुणाची हजेरी द्यायची नाही! ज्याची त्याने द्यायची!"

आठवडाभर त्याने ते वाक्य माझ्यासमोर गिळलं होतं. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. कठड्यावरून वाकून त्याने टोपी काढली. वॉल्टरचा हात अजून वरच. माझं लक्ष आपल्या बाकाकडे गेलं. तुझ्या जागी कुणी टाकी ठेवली नव्हती, आठवडाभर ती जागा रिकामीच होती, आणि तिकडे बघायचं टाळत आलेली मी ते आत्ता पहिल्यांदा पाहत होते. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम. कोरीने, बिचारीने, हळू आवाजात पुन्हा माझं नाव घेतलं. "नीलिमा?"

मी तुझा मास्क कपाळावर सरकवला आणि अशी ओरडले, मंजे, की मेकॅनिकलच्या शेवटच्या बाकापर्यंत गेलं असतं.

"प्रेझेंट, सर!"

कॅप्टनने टोपी घातली, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.